कुलूप लावलेले दार
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



परमुलखात माणसाचा वर्ण आणि पेहराव आधी दिसतो, माणूस मागाहून. १९१५ साली कला बगाई पती वैष्णोदास व तीन मुलांसह पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोस गेल्या. तिथल्या वर्तमानपत्राला नवल वाटले ते त्यांच्या नाकातल्या हिऱ्याचे! पुढे त्यांनी जवळच्या बर्कली गावी घर विकत घेतले. सामान घेऊन गेल्या, तो शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेले. मुलांना इजा होईल या धास्तीने त्या माघारी फिरल्या. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानण्यास नकार दिला, आणि वैष्णोदासांना मिळालेले नागरिकत्वही गेले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. मुलांना कलाबाईंनीच वाढवले. २०२० साली त्याच बर्कलीने एका रस्त्याला त्यांचे नाव देण्याचे ठरवले.

पण भगिनींनो, कुलूप लागले त्या दिवशी एखादी शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली असती तर? आपल्या आळीतही परप्रांतीय बिऱ्हाडे येतात. त्यांच्या जेवणाच्या वासावरून, बोलीवरून आपण काय बोलतो, ते आठवावे. नवे बिऱ्हाड आले की पहिल्याच संध्याकाळी आपल्यापैकी एकीने त्यांच्या दारी जावे, एवढीच विनंती.