पहाटेची पावले

मे महिन्यात आमच्या वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तो सगळ्यांनाच छळतो. माझ्या धाकट्या बहिणीचे तर पायच पळवतो. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण कुरतडते. मेंदूचे निरोप अडखळतात, अंग तापले की आणखीच.

१८९० साली ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने पाहिले, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. मग कित्येक वर्षे सल्ला एकच : विश्रांती घ्या. मीही बहिणीला खाटेवर बसवले. तिचे पाय आजाराने थकले, त्याहून जास्त बसून थकले.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या अभ्यासात पंधरा आठवडे व्यायाम केलेल्या रुग्णांचा दमसास आणि ताकद वाढली. व्यायामाने आजार जात नाही. पण थकवा, तोल, चालणे सुधारू शकते. तापल्याने वाढलेली लक्षणे अंग निवले की बहुधा ओसरतात. दिवसभर टिकली, तर मात्र डॉक्टरांना गाठावे.

आता फजरच्या नमाजनंतर, ऊन चढण्याआधी, आम्ही दोघे चालतो. तिच्या मानेवर ओला दुपट्टा. फिजिओथेरपिस्टने आखून दिले तेवढेच अंतर, मध्ये विसावा. परवा ती म्हणाली, "भाईजान, तुम्हीच दमलात. बसा जरा."

मी बसलो. ती उभीच होती.