बिलावर नाव कुणाचं?

(लोहा येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज वीजबिल सोबत आणायला सांगितलं होतं. त्यावरचं नाव वाचा. कुणाचे सासरे, कुणाचा नवरा, कुणाचे तर वारलेले आजेसासरे. बिलाचे पैसे डब्यात कोण साठवतं, ते मी सांगायला नको.

विषय आहे बिलातून हप्ता फेडण्याचा. जास्त वीज खाणारी वस्तू बदलायची आणि नवीची किंमत महिन्याच्या बिलात थोडी थोडी भरायची. नाशिकला २००५च्या सुमारास सीएफएल दिवे असे दिले होते. जानेवारी २०१५मध्ये दिल्लीत एलईडी बल्ब आधी दहा रुपये आणि पुढे बारा महिने दहा-दहा रुपये, असा निघाला. २०१६ साली विजयवाड्याला पन्नास वॅटचे पंखे महिना साठ रुपयांनी दिले.

पंख्याचाच हिशेब करू. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. ३० वॅटचा नवा पंखा अकरा युनिटांत भागवतो. सोळा युनिट वाचले, आणि आपला उन्हाळा काही एका महिन्याचा नसतो. वापर शंभर युनिटांच्या वर गेला की दर चांगलाच चढतो, म्हणून तिथली बचत जास्त मोलाची. हप्ता बचतीपेक्षा कमी असेल तरच हा सौदा करायचा. घरात पिठाची गिरणी चालवणारीला मोटार बदलायला हीच सोय हवी. बँकेत तिला आधी जामीन विचारतात.

पण माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो. आपणही अटी बघू.

हप्ता बिलावर, म्हणजे ज्याच्या नावाचं बिल त्यालाच वस्तू. मग विधवा, टाकून दिलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, या कुठं जाणार? गरज तर त्यांनाच जास्त. ग्रामपंचायतीत घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. किती जणींच्या घरी ती नोंद झाली? हात वर करा बरं. बघा, मोजायला वेळ लागत नाही.

दुसरं, थकबाकीचं. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५६प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. पंख्याचा हप्ता त्याच थकबाकीत धरला तर पंख्यापायी घरात अंधार. सावकार निदान दिवा विझवत नव्हता!

म्हणून अशी योजना आपल्याकडे आली की तीन गोष्टी लेखी मागायच्या. हप्ता बिलात वेगळा दाखवा. तो चुकला म्हणून वीज तोडू नका. वस्तू बिघडली तर दुरुस्त होईपर्यंत हप्ता थांबवा. आणि मीटर आपल्या नावावर करून घ्यायला योजनेची वाट बघायची नाही. पुढच्या बैठकीला घराचा उतारा आणा. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखलाही. अर्ज इथेच बसून भरू.