रोंशांचे प्रार्थनामंदिर : जीर्णोद्धाराचा एक आगळा आदर्श



पूर्वजांनी उभारलेली पवित्र वास्तू नष्ट झाली, तर ती जशीच्या तशी बांधावी की काळानुरूप नवी उभारावी, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावान समाजापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. पूर्व फ्रान्समधील रोंशां गावच्या कॅथलिक समाजापुढे तो १९४४ साली उभा राहिला. शतकानुशतके जेथे यात्रा भरत असे, ते टेकडीवरील मेरीमातेचे मंदिर महायुद्धात उद्ध्वस्त झाले.

१९५० मध्ये पुनर्निर्मितीचे कार्य ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाकडे सोपविण्यात आले. निर्णय धाडसाचा होता. ते कॅथलिक धर्माचरण करणारे नव्हते आणि त्यांची ख्याती काटकोनी, सरळ रेषांच्या इमारतींसाठी होती. प्रारंभी त्यांनी नकार दिला. परंतु टेकडीवरून चारही दिशांची क्षितिजे न्याहाळल्यावर त्यांची लेखणी रेखाटू लागली.

२५ जून १९५५ रोजी मंदिराचे लोकार्पण झाले. जाड, वळणदार शुभ्र भिंती, तीन मनोरे आणि खेकड्याच्या कवचावरून सुचलेले काँक्रीटचे छत पाहून कित्येक जाणकारही गोंधळले. भिंती आणि छत यांमध्ये सुमारे १० सेंटिमीटरची फट आहे. तीतून येणाऱ्या प्रकाशरेषेमुळे ते अवजड छत अधांतरी तरंगल्यासारखे भासते. दक्षिणेच्या भिंतीतील लहानमोठ्या खिडक्यांच्या रंगीत काचांतून उजेड झिरपतो. छतावरील पावसाचे पाणी पन्हळीवाटे खालच्या कुंडात पडते.

रूप असे सर्वस्वी नवे. तरीही जुन्याचा अव्हेर झाला नाही. भग्न मंदिराचे दगड नव्या भिंतींत सामावले गेले. मेरीमातेची मूर्ती पूर्वेच्या भिंतीतील काचेच्या कोनाड्यात अशी स्थापिली, की आतील व बाहेरील दोन्ही भाविकांना दर्शन घडावे. आत सुमारे २०० जणांचीच सोय असल्याने ८ सप्टेंबरच्या यात्रेसाठी बाहेरही वेदी उभारली. तेव्हा अवघी टेकडीच मंदिर होते.

२०१६ मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिए यांच्या १७ कृतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत या मंदिरासोबत आपल्या देशातील चंडीगडचे कॅपिटल संकुलही आहे.

जीर्णोद्धार करताना शिखराच्या आकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार तेथे येणाऱ्या भाविकाचा व्हावा, हाच रोंशांच्या टेकडीचा बोध होय.