यादीतील ‘ळ’
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या ६० वर्षांच्या प्रवेशनोंदी यंदा संगणकात उतरल्या. प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाइल, तिला त्याचेच नाव, आडनाव आधी. त्या फोल्डरची अकारविल्हे यादी छापणारा प्रोग्राम अकरावीच्या मुलांनी ‘सी’ भाषेत लिहिला. मी मराठीची अध्यापिका. तरी त्यांच्याशेजारी बसून तो समजून घेतला.

फोल्डर ‘ओपनडिर’ने उघडतो, एकेक नाव ‘रीडडिर’ने वाचले जाते. नावे मात्र हाती येतील त्या क्रमाने येतात. त्यांत एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नोंदीही असतात. पहिली त्याच फोल्डरची, दुसरी त्याच्या वरच्या. त्या वगळायच्या. वाचलेले नाव लगेच उतरून ठेवायचे, कारण पुढचे वाचताना आधीचे पुसले जाऊ शकते. मग सारी नावे ‘क्यूसॉर्ट’च्या स्वाधीन.

माझे कुतूहल जागे झाले ते येथे. दोहोंपैकी आधीचे नाव कोणते, हे ‘क्यूसॉर्ट’ला ठाऊकच नसते, ते सांगणारे फंक्शन आपण द्यायचे असते. मुलांनी सवयीने ‘स्ट्रकंप’ दिले. त्याने लावलेला क्रम युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे पडतो, आणि तेथे ल २३५४, ळ २३५५, व २३५७. परिणामी यादीत काळे आधी. कावळे, काशीकर मागाहून. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो तो ‘ह’नंतर!

एवढ्याशा फरकाचे काय, असे कोणी म्हणेल. पण इंदुरात राहणाऱ्या आपणांस सांगायला नको : शाळेच्या फाटकाबाहेर काळ्यांचे ‘काले’ होतात, आणि मुलांनाही हळूहळू तेच बरोबर वाटू लागते. निदान आपल्या यादीत तरी ‘ळ’ला त्याची जागा मिळावी, हा माझा हट्ट होता. मुलांनी वर्णमालेचा तक्ता प्रोग्राममध्ये घालून तुलनेचे फंक्शन स्वतः लिहिले. काळे आता काशीकरांच्या मागे आहेत.

‘क्ष’चा प्रश्न उरला आहे. वर्णमालेत तो अखेरीस. संगणक मात्र त्याला क, हलन्त, ष असा साठवतो. वर्णमाला मानावी की जोडाक्षर फोडावे, यावर मराठीच्या शिक्षकांत अद्याप एकमत नाही. तोवर सर्व क्षीरसागर कोल्हटकरांच्या शेजारी आढळतील. त्यांनी आपले नाव तेथे शोधावे.