रात्रपाळी आणि झोपेचा हक्क

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त मेळाव्यात परिचारिका भगिनींच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वे आणि टपाल कामगारांच्या सभेत आम्हा परिचारिकांना मुद्दाम बोलावलेत, याबद्दल प्रथम आपले आभार. विषय आम्हाला शोधावा लागला नाही. केबिनमधला स्टेशन मास्तर, पावसाळ्यात रात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळावरून चालणारा पेट्रोलमन, आर.एम.एस.च्या नाईट सेटवर पिशव्या उघडून टपालाची वर्गवारी करणारा सॉर्टर आणि वॉर्डात सलाईन बदलणारी सिस्टर, या सगळ्यांचे दुखणे एक आहे. भुसावळ, दौंड, नागपूर असो, की बदली होऊन इटारसी-सिकंदराबादला गेलेल्या मराठी माणसाचे क्वार्टर असो, सकाळी साडेआठला दार ढकलून आत येणारा माणूस सगळीकडे सारखाच दिसतो. डोळे तांबारलेले, पायाला सूज, आणि घरच्यांचा पहिला प्रश्न : "आता दिवसभर मोकळाच ना? गॅसचा नंबर लावून ये."

इथूनच सुरुवात करू. रात्रपाळीवाल्याला दिवसभर सुट्टी असते हा जो समज आहे, तो प्रशासनाइतकाच आपल्या घरातही पक्का बसलेला आहे.

आठ तास रात्री जागलो आणि आठ तास दिवसा झोपलो, तर हिशोब बरोबर झाला, असे कागदावर वाटते. शरीर तो हिशोब मानत नाही. प्रत्येकाच्या अंगात एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात वाढते, अंगाचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे चारच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते. म्हणून तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. त्या वेळी कितीही निष्ठावान माणूस असला तरी त्याचे डोळे मिटू लागतात. हा आळस नाही, शरीराचा धर्म आहे. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हाला मात्र ते घड्याळ नोबेलच्या आधीपासून वॉर्डातल्या टेबलावर दररात्री चार वाजता भेटत आले आहे.

सकाळी घरी जाताना डोक्यावर ऊन येते. उन्हाने मेलाटोनिन आटते आणि घड्याळ सांगते, दिवस उगवला, ऊठ. नेमके तेव्हाच आपण अंथरुणावर पडतो. झोप लागते, पण दोन-तीन तास आधीच तुटते. अशा सात रात्री झाल्या की माणूस दोन-तीन रात्रींच्या झोपेचा देणेकरी होतो आणि ते कर्ज एका साप्ताहिक सुट्टीत फिटत नाही.

याचा परिणाम काय, ते एका प्रयोगावरून सांगतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियात काही माणसांना सलग जागे ठेवून त्यांच्या हाता-डोळ्यांच्या कामाची चाचणी घेतली आणि त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी मद्य देऊन तीच चाचणी घेतली. सतरा तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके बिघडलेले आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहिल्या नाईटला सकाळी सहाला उठून, घरकाम उरकून, दुपारी पाठ न टेकता रात्री आठला ड्युटीवर आलेली सिस्टर रात्री अकरा वाजताच त्या रेषेच्या पलीकडे गेलेली असते. तिची ड्युटी अनेक ठिकाणी सकाळी आठपर्यंत आहे. दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याला पोलीस पकडतो आणि ते योग्यच आहे. पण अशा अवस्थेत माणसाला इंजेक्शन भरायला किंवा सिग्नल द्यायला बसवणाऱ्या ड्युटी तक्त्याला कोण पकडणार?

हा प्रश्न आम्ही हौसेने विचारत नाही. आमच्यातल्या एका भगिनीला पहाटे साडेचारला टेबलावर डोके टेकलेले आढळले म्हणून मेमो मिळाला. रुग्णालयाचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. मेमोत लिहिले होते, कर्तव्यात कसूर. शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी उत्तरात एकही विशेषण वापरले नाही. तिच्या मागच्या चौदा दिवसांच्या ड्युटीचा तक्ता जोडला. त्यात नऊ रात्री होत्या, एकदा सकाळी सुटून दुसऱ्या दिवशी पहाटेची मॉर्निंग होती, आणि चाळीस खाटांना ती एकटी होती. उत्तरापेक्षा तो तक्ता जास्त बोलला. मेमो मागे घेतला गेला. तक्ता बदलायला मात्र आणखी पाच महिने लागले. तुमच्याकडेही असे मेमो येतात हे आम्ही जाणतो. ते आले की आधी चौदा दिवसांचा रोस्टर काढा, मग उत्तर लिहायला बसा.

रेल्वेवाल्यांना तर आम्ही काय सांगावे! २० ऑगस्ट १९९५ ला फिरोजाबादजवळ पुरुषोत्तम एक्स्प्रेस उभ्या असलेल्या कालिंदी एक्स्प्रेसवर आदळली ती पहाटे. २ ऑगस्ट १९९९ चा गैसलचा अपघात झाला तोही मध्यरात्रीनंतर. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि ती ठरवण्याचे काम चौकशीचे आहे. पण रात्री घडलेल्या अपघाताच्या चौकशीत शेवटचा हात कोणाचा होता हे जितक्या बारकाईने विचारले जाते, तितक्याच बारकाईने त्या हाताला आदल्या आठवड्यात किती झोप मिळाली होती हेही विचारले जावे. रनिंग स्टाफची सलग दोनपेक्षा जास्त रात्री नकोत ही मागणी आम्हाला म्हणूनच आपली वाटते.

आता आजाराविषयी थोडे. अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांच्या प्रकृतीचा पाठपुरावा चालू आहे. त्यातून २००१ साली असे पुढे आले की तीस किंवा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकले. घाबरू नका, बहुधा म्हणजे खात्रीने नव्हे, आणि रात्रपाळी केली म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. पण मधुमेह, रक्तदाब, ॲसिडिटी, स्त्रियांच्या पाळीचे त्रास या तक्रारी रात्रपाळीवाल्यांत का वाढतात, याचे उत्तर पुष्कळसे झोपेत आहे, एवढे ध्यानात घ्या.

मग करायचे काय? आम्ही वॉर्डात एकमेकींकडून जे शिकलो ते सांगतो. डॉक्टरांच्या पुस्तकातही याहून फार निराळे सापडणार नाही.

पहिल्या नाईटच्या दुपारी दीड-दोन तास झोप काढायचीच. भांडी राहिली तरी चालतील. जेवण रात्री ड्युटीच्या सुरुवातीला, हलके. दोन वाजता डबा उघडून मसालेभात खाल्ला की तीनला डोळे उघडत नाहीत, हा अनुभव सर्वांचा आहे. चहा पहिल्या निम्म्या रात्रीत घ्या. चहा-कॉफीचा अंमल शरीरात पाच-सहा तास अर्धा उरतो, म्हणून पहाटे पाचचा तो कडक कप, जो सगळ्यांत गोड लागतो, तोच सकाळची झोप खातो. मशेरी आणि तंबाखूचेही तसेच. तंबाखूने जाग येते आणि नंतर झोपही येत नाही.

बरोबर दुसरे कोणी असेल आणि नियमात बसत असेल तर आळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी. वीसच. पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोके जड राहते आणि तशा वेळी लगेच कामाला हात लावणे धोक्याचे. तीन ते पाच या वेळात आम्ही औषधाचे नाव आणि मात्रा मोठ्याने वाचतो, जोडीदारीण ऐकते. सॉर्टिंगच्या टेबलावर किंवा पॅनेलवर तुम्हीही हे करू शकता. कोणी हसले तर हसू द्या.

सकाळी घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी म्हणतील, सिस्टर सिनेमात गेल्या. म्हणू देत. स्कूटर शक्यतो नकोच. बस किंवा लोकल बरी, झोप लागली तर एक स्टेशन पुढे जाल इतकेच.

घरातली झोप हा सर्वांत अवघड भाग. एका खोलीचे क्वार्टर, बाहेर नळावर भांडणे, कुकरच्या शिट्ट्या, दुधवाला, पार्सलवाला, आणि आता खिशातला मोबाईल. खिडकीला जुन्या छत्रीचे काळे कापड दुहेरी शिवून लावा, कोणत्याही महागड्या पडद्याइतका अंधार होतो. कानात कापसाचा बोळा. पंखा चालू ठेवा, त्याचा घुं-घुं आवाज बाहेरचे आवाज गिळतो. दारावर पाटी : रात्रपाळी, दुपारी दोनपर्यंत बेल वाजवू नये. सलग झोप लागतच नसेल तर दोन तुकडे करा. सकाळी साडेचार-पाच तास आणि संध्याकाळी ड्युटीआधी दीड तास. पुष्कळ बायांना हेच जमते, कारण मुले शाळेतून आल्यावर झोपणे हे फक्त पुरुषांनाच शक्य आहे. हे आम्ही इथल्या बंधूंना मुद्दाम ऐकवतो आहोत. तुम्ही नाईटवरून आलात की घरातली बाई मुलांना गप्प बसवते. ती नाईटवरून आली की तिला कोण गप्प वातावरण देते, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे.

झोपेची गोळी आणि रात्रपाळीनंतरचे "दोन घोट" याविषयी एकच सांगतो : दोन्हींनी डोळे मिटतात, पण झोप भरत नाही, आणि आठवड्याभरात त्यांच्यावाचून डोळे मिटेनासे होतात. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे असते, म्हणून हे आम्हीच सांगितलेले बरे. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, सुट्टीतही झोप न येणे असे असेल तर डॉक्टरकडे जा.

मात्र काळा चष्मा आणि छत्रीचे कापड ही कामगाराने स्वतःच्या खिशातून भरलेली किंमत आहे. बाकीची किंमत ज्याने भरायची त्याच्याकडे वळू.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३३ मध्ये एक शब्द आहे, "पूर्ण रात्र". तुरळक स्वरूपाचे काम असलेल्या रेल्वे कामगाराला आठवड्याला निदान चोवीस तासांची अशी विश्रांती मिळाली पाहिजे की तिच्यात एक पूर्ण रात्र असेल. कायदा करणाऱ्यांना चोवीस तास आणि रात्र यांतला फरक कळत होता. आमच्याकडे सकाळी आठला सुटणाऱ्या सिस्टरचा तो दिवसच "नाईट ऑफ" म्हणून धरला जातो, म्हणजे जी झोप नाईटचीच भरपाई आहे ती सुट्टीत मोजली जाते. सलग रात्रींनंतर दोन पूर्ण रात्री घरी, आणि पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढचा क्रम. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. एवढे तक्त्यात बसवायला एक पैसा लागत नाही, माणसे मात्र पुरेशी लागतात. रिक्त जागांचा प्रश्न येतो तो इथे.

रात्रपाळी भत्त्याचा आधार तुम्हाला माहीत आहे. रात्री दहा ते सहा या वेळातल्या दर तासाला दहा मिनिटांची भर. म्हणजे रात्रीचा तास सत्तर मिनिटांचा आहे हे सरकारने मान्य केले. मान्य केले, पण ती दहा मिनिटे झोपेत न देता पैशात दिली. पुढे २०२० साली मूळ वेतन ४३,६०० रुपयांच्या वर असणाऱ्यांना भत्ता नाही असा आदेश निघाला. वय वाढले की दिवसाची झोप आणखी कमी होते, आणि वेतनही वयाबरोबरच वाढते. आदेश काढणाऱ्यांनी हे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहिले नसावेत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रात्रपाळीच्या कामाविषयीचा १७१ क्रमांकाचा करार १९९० चा आहे. रात्रपाळीवर घेताना आणि नंतर ठराविक काळाने विनामूल्य वैद्यकीय तपासणी, आणि प्रकृतीमुळे रात्रपाळी न झेपणाऱ्याला शक्य तिथे त्याला योग्य अशा दुसऱ्या कामावर बदली, हे त्यात आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आणि विश्रांतीची खोली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. छत्तीस तासांच्या ड्युटीत ती थोडी झोपायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर त्या राज्य सरकारने स्त्रियांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असा उपाय सुचवला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली. आमचेही तेच म्हणणे आहे. रात्री वॉर्ड रिकामा ठेवता येत नाही, आणि तो सोडून जाण्याची आमची इच्छाही नाही. आम्हाला आतून कडी लागणारे दार, दोन खाटा, दिवा आणि शौचालय असलेली एक खोली हवी आहे. रनिंग रूमसाठी तुम्ही जे झगडे केलेत ते आम्ही ऐकून आहोत, म्हणून ही मागणी तुमच्यासमोर ठेवताना जास्त समजवावे लागणार नाही असे वाटते.

१९४६-४७ मध्ये न्या. राजाध्यक्ष यांच्यापुढे टपाल आणि रेल्वे या दोन्ही खात्यांतील कामगारांचे तंटे गेले होते. तेव्हा परिचारिका त्या यादीत ठळकपणे नव्हत्या. आज सभा संपल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या ठिकाणचा मागच्या महिन्याचा रात्रपाळीचा तक्ता, नावे झाकून, सरचिटणीसांकडे द्यावा. रुग्णालयांचे तक्ते आम्ही बरोबर आणले आहेत. दाराजवळच्या टेबलावर आमच्या दोन भगिनी बसल्या आहेत. त्या काल नाईटला होत्या, तेव्हा कृपा करून रांग लवकर आटोपा.