विजेची कणगी



धान्य पिकविण्याइतकेच ते नीट साठविणे महत्त्वाचे असते. विजेचेही तसेच आहे. सौर पॅनेलपासून वीज मिळते ती दिवसा. दिवा लावावा लागतो तो रात्री. ही तफावत भरून काढणारी कणगी म्हणजे बॅटरी.

१९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी हैदराबाद ही आज या संशोधनाचेही एक केंद्र आहे. शहराजवळील बालापूर येथे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘एआरसीआय’ ही स्वायत्त संस्था कार्य करते. लिथियम बॅटरीच्या धन अग्रासाठी लागणारे लिथियम-लोह-फॉस्फेट देशातच तयार करण्याचे तंत्र तेथील शास्त्रज्ञांनी विकसित केले आहे. या द्रव्याला महागडे कोबाल्ट लागत नाही आणि उष्णतेतही ते अधिक स्थिर राहते.

तथापि, घरोघरच्या इन्व्हर्टरला आजही बहुधा शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरीच जोडलेली असते. तीत जरुरीप्रमाणे डिस्टिल्ड वॉटर घालावे. ती पूर्ण रिती होऊ देऊ नये. निकामी बॅटरी मात्र घरी कधीही फोडू नये. तीतील शिसे माती-पाण्यात मिसळते व लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा पोहोचविते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. तेव्हा जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. शिक्षकांनी हे वर्गात समजावून द्यावे, ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत सांगावे. घरात उजेड आणणारी वस्तू मुलांच्या जिवावर बेतू नये, एवढी दक्षता प्रत्येकाच्या हाती आहे.