घरातील संगणकांचे जाळे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. मॅट्रिक झालो आणि खडू हाती धरला. यंत्रविद्येशी माझा कधी संबंध आला नाही. त्यामुळे घरातील संगणकांच्या जोडणीवर मी बोलावे, असे चिटणिसांनी सुचविले तेव्हा मला संकोच वाटला. परंतु जे काम माझ्यासारख्याला साठीच्या घरात साधले ते आपणांपैकी कोणासही साधेल, एवढी ग्वाही देण्यापुरता माझा अधिकार आहे असे समजून मी उभा राहिलो आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. त्या काळी घरात संगणक असणे हीच नवलाची गोष्ट होती. आज मध्यम स्थितीच्या कुटुंबातही दोनतीन मोबाईल, एखादा लॅपटॉप आणि क्वचित् प्रिंटर आढळतो. साधने आली खरी. पण ती एकमेकांशी नीट जोडावी लागतात, याचा आपण फारसा विचार करीत नाही. मीही केला नव्हता, आणि त्याचे प्रायश्चित्त माझ्या नातीला भोगावे लागले.

२०२० साली शाळा बंद पडून वर्ग घरी भरू लागले. आमचे घर जुने, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचे. इंटरनेटची तार ओटीवर आली, म्हणून राऊटर नावाची पेटी ओटीवरच बसली. नातू दहावीत, म्हणून त्याचे टेबल पेटीजवळ मांडले. नात आठवीत, ती माजघरात बसे. काही दिवसांनी तिच्या बाईंचा फोन आला की, मुलगी वर्गात दिसते, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. मी तिला बोलावून रागावलो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी सहज तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, तो काय पाहतो! पोर उत्तर देत होती, आणि तिचा आवाज भिंतीपलीकडे जातच नव्हता. विचारल्यावाचून मुलास दोष देऊ नये, हे मी आयुष्यभर नव्या शिक्षकांना सांगत आलो. आणि माझ्याच घरी मी ते विसरलो!

मग मी विद्यार्थी झालो. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

राऊटर म्हणजे घराचे टपालघर होय. बाहेरच्या जगास आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत प्रत्येक उपकरणास राऊटर वेगळा क्रमांक देतो. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. खाजगी जाळ्यांसाठी ते १९९४ पासून राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या घरी व माझ्या घरी तोच क्रमांक असला तरी घोटाळा होत नाही. प्रत्येक शाळेत पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी असतोच की!

जोडणीचे मार्ग दोन : तारेचा व बिनतारी. बिनतारी लहरींतही दोन प्रकार नेहमीचे. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूरवर जाते, भिंतीही काहीशा भेदते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. यास्तव पेटी घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळी ठेवावी. लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ती ठेवू नये.

जाड भिंतींच्या घरास मात्र तारेसारखा दुसरा उपाय नाही. या तारेत आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. त्याने शेजारच्या विजेचा उपद्रव कमी होतो. तरीही ती विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार काम देते. म्हणजे आपल्या घरांना पुरून उरेल. मी सुतळीने अंतर मोजले. ते १८ मीटर भरले. दुकानातील मुलाने दोन्ही टोकांस खुंट्या बसवून दिल्या, आणि तुळईच्या कडेने तार माजघरात नेली. तेथे एक जुना राऊटर जोडला. येथे एक सावधगिरी हवी. क्रमांक वाटण्याचे काम एकाच पेटीने करावे. म्हणून दुसरीतील ती सोय बंद करावी, तिला स्वतःचा निराळा क्रमांक द्यावा आणि तार तिच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकात घालावी. एका शाळेत दोघे मुख्याध्यापक हजेरीपट लिहू लागले तर काय होईल, हे सांगावयास नकोच.

आता कुलुपाविषयी. पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. जाळ्यात शिरण्याचा शब्द निराळा, लांब व इतरांस न सुचणारा असावा. मुलाचे नाव व जन्मसाल नको. सुरक्षेचा प्रकार विचारल्यास डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. पाहुण्यांसाठी बहुतेक पेट्यांत वेगळे जाळे काढता येते. तेच त्यांना द्यावे. त्यात आतिथ्याला बाध येत नाही. पाहुण्याला आपण ओटीवर मानाने बसवितो, तिजोरीची किल्ली काही त्याच्या हाती देत नाही.

जाळे झाले की एकाच प्रिंटरवर घरातील सर्वांचे काम होते, आणि दाखले, गुणपत्रिका, जुनी छायाचित्रे एका ठिकाणी ठेवून सर्वांस पाहता येतात. मात्र त्यांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवावी. जाळे म्हणजे संग्रह नव्हे.

बंधुभगिनींनो, या सर्व खटाटोपास एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी माजघरातून नातीचा आवाज आला, "हजर, बाई!" आणि पलीकडून बाईंनी तिला शाबासकी दिलेली मी ऐकली. मी तिची क्षमा मागितली. आजोबाने नातीची क्षमा मागणे कोणास चमत्कारिक वाटेल. मला ते कर्तव्य वाटले.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, हे उचितच आहे. परंतु कोणत्या घरात पेटीजवळचे टेबल कोणाला मिळाले, हेही आपण पाहावयास हवे. आमच्या घरी ते मुलाला देताना आम्ही विचारसुद्धा केला नव्हता. मंडळातील जाणत्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार दिला, तर ज्यांना हे काम जमत नाही अशा कुटुंबांची सोय होईल. तारेची मापे घेण्यास मी माझी सुतळी घेऊन येईन.